कणकण

पहाटे चारला मोरीच्या कडेला उभा राहून
काखेतला थर्मामीटर मोबाइलच्या उजेडात धरला.
एकशे एक.
झटकला, पारा खाली गेला, डबीत ठेवून दिला.
मी शिरोलीच्या फाउंड्रीत भट्टीवर असतो,
चौदाशे अंशाला लोखंड ओततो,
एकशे एकला काय भ्यायचं?
दोन्हीकडचे अंश वेगळे, माहीत होतं.
तेवढ्यात थंडी वाजली.

पन्हाळ्याच्या पायथ्याला दस्तगीर भेटला.
"डोळं का लाल रं?"
"झोप नाही झाली."
त्यानं माझं मनगट धरलं, सोडलं, काही बोलला नाही.
नंबर लावताना पिन छातीत टोचली
आणि ते मला जरा उशिरानं कळलं.

पन्नास किलोमीटर, सगळी डोंगरवाट.
माझी आजवरची चांगली वेळ सात तास एकोणीस मिनिटं.
त्या वर्षी पांढरा रस्सासुद्धा सोडला होता,
पाव्हण्यांच्यात त्यावरनं बोलणी खाल्ली होती.
यंदा एवढंच ठरवलेलं:
अकराव्याला डांबरी लागते, तिथं थांबायचं.

मसाईच्या पठारावर धुकं असं
की पुढच्याचे बूट दिसायचे, पुढचा दिसायचा नाही.
घड्याळातले आकडे पोहायला लागले,
म्हणून घड्याळ बघितलंच नाही.
चढाला चाललो. उताराला पाय सोडून दिले.
मागनं कुणी आलं तर बाजूला झालो.
एरवी मी वाट देत नाही कुणाला.

अकरा आलं. टेम्पो उभा होता.
मागं दोघं चादर पांघरून बसलेले,
त्यातला एक केळं सोलत होता,
इतकं सावकाश, इतकं सावकाश,
की मला त्या टेम्पोचीच भीती वाटली.

तेविसाव्याला गुऱ्हाळ.
काहिलीतल्या रसाचा तो वास,
ज्याच्यासाठी पोरपणी शाळा बुडवली,
आज पोटातून उलटून आला.
बांधावर वाकलो. आक्काताई चौगलेंनी
हातावर तांब्यानं पाणी घातलं, कपाळ बघितलं.
"आगं बया, चुलाण झालंय ह्येचं!
कुणाच्या पोटचं हाय रं तू?"
"शिरोलीचा," मी म्हटलं.
त्यांनी मीठ लावून लिंबू दिला, वर एक शिवी दिली.
दोन्ही आठ किलोमीटर पुरलं.

तिसाव्यानंतरचं नीट सांगता येत नाही.
करवंदीच्या जाळीपाशी एक गवा होता,
किंवा खडक होता.
रामराम घातला, उत्तर आलं नाही.
भट्टीचा भोंगा दोनदा वाजला रानात.
पायांना मी काही सांगत नव्हतो,
त्यांनीही मला काही विचारलं नाही.

कमानीवर लाल आकडे: सहा अठ्ठावन्न.
दस्तगीर माझ्याआधी ओरडला, "नाद खुळा!"
मी बसायला जागा शोधत होतो.
कुणीतरी गळ्यात पदक घातलं, ते गार होतं,
ते कपाळाला लावून तसाच आडवा झालो.
एकवीस मिनिटं.
वर्षभराच्या पथ्याला जी मिळाली नाहीत ती.

घरी वनमाला दारातच.
"थर्मामीटर मी डबीत पारा खाली करून ठेवते.
सकाळी उलटा होता."
मग बराच वेळ काही नाही.
मग, "कशापायी?"
मी बूट सोडत राहिलो.
लेसची गाठ ओली, ती सुटेना,
शेवटी तिनंच खाली बसून सोडवली.

चौथ्या दिवशी कामावर.
फेटलिंगला माणूस कमी, हातोडी मला दिली.
ओतीव टांगायचं, एक टोला द्यायचा.
चांगलं असलं तर खणखणतं,
आत हवा राहिली असली तर बद्द वाजतं.
वरून दोन्ही सारखीच गुळगुळीत.

सहा अठ्ठावन्न मी वहीत लिहिलंय,
पेन्सिलीनं, शेजारी एकशे एक.
अजून त्याला टोला दिलेला नाही.